टेबलावरची रिकामी जागा

प्रिय ताई,

शाळेत मुलांना करिअर निवडायला मी अजून तुझ्याच पद्धतीने मदत करते. टेबलावर करवत, स्टेथोस्कोप, कात्री, खडू मांडायचे. डोळे मिटून ज्याला हात लागेल, त्यावर बोलायचं. त्यांच्यात असायचं ते, तू घरी ठेवून गेलेलं होकायंत्र मात्र, तुझं जहाज बुडाल्यापासून, माझ्या कपाटात कुलपात आहे.

आज दहावीतल्या एका मुलीचा हात सगळं ओलांडून होकायंत्राच्या रिकाम्या जागेवर गेला आणि मूठ मिटली.

"काय लागलं गं?"

"गोल आहे, बाई. गार. काटा हलतोय."

मूठ उघडली. आत काही नव्हतं, पण तळवा ओला होता.

"मला जहाजावर जायचंय. आई नको म्हणते."

"आईचा जीव तुटतो गं."

ती हसली. "घर कुठे पळून जातंय, बाई? पळते ती मीच."

ताई, निघताना दारात तू हेच म्हणाली होतीस.

उद्या ती आईला घेऊन येईल, आणि मी म्हणेन तसं होईल. घरी येऊन कपाट उघडलं, तर होकायंत्राचा काटा उत्तर दिशा सोडून दाराकडे वळलेला. तिला अडवायचं असेल तर आजच येऊन सांग. मी कडी लावलेली नाही.

तुझी, अजूनही धाकटीच