कपाटातला पांढरा गणवेश आणि बाकीची वाटणी

मी खाली सही करणार बाई, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार बंदराच्या रस्त्यावरील दुकानामागच्या दोन खोल्या, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाखाली न येता, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. धाकट्या जाऊबाई माझ्या शुद्धीबद्दल शंका काढणार हे धरूनच डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

१. दुकान, दोन्ही खोल्या, शिलाई मशीन आणि बँकेत असेल ते माझ्या नणंदेच्या मुलीला द्यावे. तिला हाताने काज करता येते आणि ती गिऱ्हाइकाला खोटा वायदा करत नाही. मोठी कात्रीही तिचीच. त्या कात्रीने कागद कापताना ती कोणाला दिसली, तर हे कलम रद्द समजावे.

२. धाकट्या दिरांना शिडी. अकरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेली, ती त्यांच्याकडेच आहे. आता बिनघोर वापरावी. याखेरीज त्यांचा कशावरही हक्क नाही. माझे यजमान अंथरुणाला खिळले होते, तेव्हा भावजींनी दोन वर्षांत एकदा तोंड दाखवले, तेही पँट आखूड करून घ्यायला.

३. लोखंडी कपाटात गिऱ्हाइकांनी शिवायला टाकून न नेलेले कपडे आहेत. ज्याला जे बसेल ते त्याने न्यावे. खालच्या खणातला पांढरा गणवेश मात्र कोणी अंगाला लावू नये.

इथे वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात. असलं नको."

मी म्हटले, "एकोणतीस वर्षं जपलाय. मालमत्ता नाही तर काय?"

तर, तो एका खलाशाचा आहे. पोरगा एकोणीस वर्षांचा. त्याची बोट दोन दिवस बंदरात होती. सुट्टीवर उतरलेल्यांनी गावात गणवेशातच हिंडायचे असा बोटीचा नियम, आणि पोरांना नेमका त्याचाच कंटाळा. म्हणून ती गणवेश आमच्याकडे दुरुस्तीला टाकत आणि आम्ही कपाटातले कोणाचे तरी न नेलेले कपडे संध्याकाळपर्यंत घालायला देत असू. बंदरावरचे सगळेच शिंपी देत. बोटीवर कळले असते तर गणवेशांचे कंत्राट गेले असते.

हा अकराला आला. म्हणाला, "मावशी, कॉलर जरा आत घ्या. वाळलोय मी. आई फोटो बघून रडत बसेल." त्याला तपकिरी चौकड्यांचा शर्ट आणि करडी पँट दिली. पँट आखूड होती. आरशात बघून पोट धरधरून हसला. "पाचला येतो, सहाला हजेरी आहे," म्हणाला आणि गेला. कॉलर मी साडेतीनलाच करून ठेवली. तो आला नाही.

तिसऱ्या दिवशी पोलीस फोटो घेऊन आले. यजमान पडल्या पडल्या म्हणाले, "नाही बुवा, इथं नाही आला." माझा पाय मशीनवर होता, तो मी थांबवला नाही. कंत्राट गेले असते तर यजमानांची औषधे बंद झाली असती, हे खरे आहे. पण ती सबब म्हणून लिहीत नाही. पोलिसांनी गावभर पांढऱ्या गणवेशातला पोरगा शोधला. तसा तो कोणाला दिसलाच नव्हता, दिसणार कसा? पत्रक आमच्याच दुकानाच्या खांबावर चिकटवले होते. शेवटी बोटीच्या दप्तरात लिहिले गेले की तो पळून गेला.

पुढच्या वर्षी त्याची आई आली. स्टुलावर बसून म्हणाली, "बाई, तुम्ही शिवणारी माणसं. एकदा बघितलेला माणूस तुमच्या लक्षात राहतो. हा आला होता का हो?" मी नाही म्हटले. "लोक म्हणतात पळाला. अहो, मला सांगितल्याशिवाय तो कधी कोपऱ्यावरसुद्धा गेला नाही." पाणी पिऊन, पत्ता लिहून देऊन ती गेली.

त्याचे काय झाले, मला आजही ठाऊक नाही. कोणालाच नाही. पण पळून जाणारा माणूस कॉलर आत घ्यायला सांगत नाही. हे सांगू शकणारी मी होते आणि मी सांगितले नाही. पुढे यजमान गेले, कंत्राटही गेले, तरी मी गप्पच. तोवर सवय झाली होती. मला या गोष्टीची फार लाज वाटते.

४. म्हणून गणवेश, त्याच्या खिशातले ओळखपत्र आणि वरील हकिगत माझ्या पश्चात त्याच्या आईला पोचवावी.

५. कलम चार रद्द. वकीलसाहेब वाचून दाखवताना "माझ्या पश्चात" इथे थांबले आणि म्हणाले, "त्यांचं वय काय असेल?" चौऱ्याऐंशी. मला ना रक्तदाब, ना साखर; मी सहज दहा वर्षे काढीन. ती हयात आहे हे मला माहीत आहे, कारण दरवर्षी त्या तारखेला ती वर्तमानपत्रात त्याचा फोटो देते. गेल्या आठवड्यातही आला. खाली अजून तेच छापलेले असते: जाताना अंगात पांढरा गणवेश.

तेव्हा या कामाने माझ्या मरणाची वाट पाहू नये. उद्या सकाळच्या पहिल्या बसने मी स्वतः गणवेश घेऊन जात आहे. तिने दार लावून घेतले तर पायरीवर बसून सांगेन. तिला पोलिसांत जायचे असेल तर मीच तिला हाताला धरून नेईन. आणि पुढच्या जाहिरातीत तपकिरी चौकड्यांचा शर्ट, करडी पँट, घोट्यापासून चार बोटे आखूड, असे लिहायला सांगेन.

सही: शिवणारीण

साक्षीदार:
१. माझे डॉक्टर (सही)
२. समोरचा चावीवाला (सही, सगळे वाचून केली आहे)

स्थळ: दुकान, कापायचे टेबल.
दिनांक: ९ नोव्हेंबर, गुरुवार.

उद्या दुकान बंद राहील.