बूच लावलेल्या नळीचा दाब

दि. ४ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या जुन्या अणुवीज केंद्रात माझी उमेदवारी सुरू होऊन सहा महिने झाले. अणुभट्टीविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खुर्च्यांविषयी. प्रत्येक शिफ्टमध्ये कुणीतरी पंपघरात चालत जावे, दाबमापकावरचा आकडा पाहावा आणि वहीत लिहावा, असा नियम. काल मी गेले, तर आपत्कालीन शीतकरणाच्या पंपावर मापकच नव्हते. तपासणीसाठी काढून नेलेले. नळीच्या तोंडाला बूच. अकरा दिवस झाले म्हणे. वहीत मात्र अकराही दिवस, तिन्ही शिफ्टना, ४.२. तेहतीस नोंदींत एकालाही ४.३ लिहिण्याइतकी प्रतिभा नसावी, याचे मला विशेष वाईट वाटले.

मी ‘मापक जागेवर नाही’ असे लिहिले. शिफ्टप्रमुख, म्हणजे तुमचे लाडके शिष्य, म्हणाले की ते पान काढून नवे लिही. वर म्हणाले, ‘वीस तारखेला तुझ्या परवान्याच्या मुलाखतीला परीक्षक मीच आहे.’ मला समोरासमोर बोलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. मान खाली घालून बाहेर आले. पान अजून तसेच आहे. काय करू?

मामींना नमस्कार.
तुमची भाची

दि. ९ मार्च

चि. पुस्तकी किड्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राआधी शिष्याचा फोन पोचला. अगं दीडशहाणे, एका बुचाने कुणाचे काय वाकडे झाले? भट्टीला संरक्षणाचे थरावर थर असतात. आम्हीही बावीस वर्षे उंटावरून शेळ्या हाकल्या, एकही हरवली नाही. तो मठ्ठ आहे हे मला सांगू नकोस, मीच शिकवलाय त्याला. पण परवाना मठ्ठांच्याच सहीने मिळतो. तुझ्या आईने लोकांचे कपडे शिवून तुला शिकवले, ते तू वहीतल्या एका ओळीवरून ओवाळून टाकणार? पान बदल आणि मोकळी हो.

मामी म्हणते, वेळेवर जेवत जा.
तुझा मामा

दि. २३ मार्च

तीर्थरूप मामांस,
सा. न.

पान बदलले नाही. परवाना मिळाला नाही. मुलाखतीत प्रमुखांनी एकच विचारले, चूक मान्य आहे का. माझा आवाज फुटेना, म्हणून कागदावर ‘नाही’ लिहून पुढे सरकवले. आता सहा महिने नुसत्या फेऱ्या मारायच्या. आईला मीच सांगितले. तिने शिवणाचे यंत्र तेवढे थांबवले.

काल मापक परत आले. फिटरने बसवले, मी पाहिले आणि नियंत्रणकक्षाला कळवले: २.१. पुरवठ्याची झडप कुणीतरी बंदच ठेवली होती. कधीपासून, ते आता कोणीही सांगू शकत नाही, कारण माझ्या नोंदी सोडल्या तर वहीत सगळीकडे ४.२ आहे. नियमाप्रमाणे भट्टी बंद करावी लागली.

प्रमुख खुर्ची सोडून धावत खाली आले आणि जिन्यापाशीच थबकले. ज्या पंपाचा दाब ते नऊ वर्षे लिहीत आले, तो नेमका कुठल्या दारामागे आहे, हे त्यांना मला विचारावे लागले. मी बोटाने दाखवले.

राग आला असल्यास सविस्तर लिहावा. लोभ आहे तो तसाच असू द्यावा.

तुमची भाची