माइक माझ्याकडेच राहणार

१७ फेब्रुवारी, सोमवार
नव्या सव्वीस ट्रेनींना सेफ्टीचं लेक्चर. एकतीस वर्षं तेच देतोय, म्हणजे ते चांगलंच असणार. गॅस लीक झाला की आधी वारा बघा, हे मी असं समजावतो: टीव्हीवर 'व्यत्यय'ची पाटी आली की टीव्हीला थपडा मारायच्या नाहीत, गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा. इथे हशा येतो. त्यासाठी मी तीन सेकंद थांबतो. आज थांबलो. तीन सेकंद फार मोठे असतात.

एकाने विचारलं, अँटेना म्हणजे काय. फळ्यावर काढून दाखवला. तो म्हणाला, बोंबील वालत घालायची काठी हाय काय सर?

यंदाची बॅच कच्ची आहे.

दुपारी ४. कृष्णकांत साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ३१ मार्चला मी अठ्ठावन्न पूर्ण करतो. दोन वर्षांची मुदतवाढ मागितली आहे. साहेब म्हणाले, दहा मार्चच्या मॉक ड्रिलवर ठरेल, मोठ्या ऑफिसातून माणूस बघायला येणार आहे. मागच्या ड्रिलला सायरन झाला, तुम्ही माइकवर बोललात, तरी २१२ पैकी चाळीस माणसं आतच. (फक्त चाळीस.) पोरांना तुमचं बोलणं कळत नाही, असंही म्हणाले. मला पोरांचं कळत नाही, याची मी कधी तक्रार केली आहे?

शेजारी हेमाली बसली होती. नवी सेफ्टी ऑफिसर, वय चोवीस. वहीत काहीतरी लिहून घेत होती. माझ्याकडून शिकत असावी.

१८ फेब्रुवारी
संकल्प: तीन आठवड्यांत पोरांची भाषा शिकणे. इंग्रजी मी डिप्लोमाला शिकलो, हिंदी बोईसरच्या कामगारांनी शिकवली. ही तर आपल्याच पोरांची.

रात्री दिशाला बसवलं. मुलगी पालघरला कॉलेजात आहे, घरचीच शिकवणी. तिने अकरा शब्द लिहून दिले. अट एकच, पप्पा, हे घराबाहेर बोलायचे नाहीत. व्हाइब, क्रिंज, ऑरा (म्हणजे तेज), नो कॅप (म्हणजे थाप नाही) वगैरे. शेवटी म्हणाली, तुम्ही फुल डेलुलू आहात. अर्थ विचारला तर हसू दाबत म्हणाली, स्वतःवर फार विश्वास असलेला माणूस. बरं वाटलं. पोरगी एरवी कौतुक करत नाही.

बायकोचं, म्हणजे सुलूचं, मत विचारलं नव्हतं. तरी म्हणाली, सुंभ जळंल पन पीळ जायचा नाय तुमचा.

२४ फेब्रुवारी
हेमालीला म्हणालो, आज तुझा ऑरा छान आहे. ती म्हणाली, सर, हेल्मेट उलटं घातलंय तुम्ही.

तिने ड्रिलसाठी स्वतःची अनाउन्समेंट रेकॉर्ड केली आहे. तीन भाषा, वीस सेकंद, गोड आवाज. ऐकून मला डुलकी आली. हिच्यापासून धोका नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
सुट्टी. उमरोळी स्टेशनाजवळ दामू भेटला. एकवीस वर्षांपूर्वी आमच्याकडे हेल्पर होता. तेव्हाच्या लीकला सगळ्यात शेवटी बाहेर आला. तेव्हापासून छाती गेली, वाक्याच्या मध्ये खोकतो. त्या दिवशीही माइकवर मीच होतो. शुद्ध मराठीत, 'सर्वांना नम्र विनंती' म्हणून सुरुवात केली होती. दामूला वाटलं, कुणाचा तरी सत्कार हाय.

तो हे हसत सांगतो. मला वाईट वाटतं. नेहमीच वाटतं. पुन्हा कुणी असं मागे राहू नये, मुदतवाढ मला त्यासाठी हवी आहे, हे साहेबांना कसं सांगणार?

४ मार्च
सुरक्षा दिन. नव्या भाषेत भाषण केलं. प्रतिसाद जबरदस्त. एकोणीस मोबाइल वर झाले (मोजले). मागे कुणी पोट धरून खाली बसला. हशा परत आला आहे. तीन सेकंद थांबायचीही गरज पडली नाही.

९ मार्च
बीपी १६० वर. सुलू म्हणते, उद्या नका जाऊ. बाई, माझ्याशिवाय ड्रिल होईल का?

१० मार्च, सकाळी १०.४०
मोठ्या ऑफिसचा माणूस आला आहे. बॅटरीचा हातमाइक तपासला. हाताला घाम. तो उन्हाचा.

दुपारी ३.१५
जसं झालं तसं लिहितो.

अकरा वाजता सायरन. मी सुरू केलं: हाय गाइज, प्लांट टूची व्हाइब ऑफ आहे, नो कॅप, सगळ्यांनी असेंब्ली पॉइंटला या. सगळे थांबले. मोबाइल काढून शूटिंग करायला लागले. चार मिनिटांत नऊ माणसं बाहेर, त्यातली आठ ऑफिसची. हेमाली घड्याळ बघत होती. मोठ्या ऑफिसचा माणूस बुटांकडे.

मग वास आला. अमोनिया. आधी वाटलं, ड्रिल खरं वाटावं म्हणून कंपनीने सोडला असेल. मग डोळे चुरचुरले. पंपाजवळ पांढरा धूर दिसला. वारा दाखवणारी नारिंगी पिशवी कँटीनकडे सरळ झाली होती आणि कँटीनसमोर ती सगळी पोरं हसत उभी.

पुढे काय बोललो ते आठवत नाही. हेमालीच्या मोबाइलमध्ये आहे: "आरं पला! नाटक नाय हाय, खरं हाय! नाक धरा नि वाऱ्याला आडवं पला! आयच्यान पला!" मध्ये दोनदा 'दामू' म्हटलं आहे.

दोन मिनिटं दहा सेकंदांत २१२ माणसं बाहेर. मात्र असेंब्ली पॉइंटला नाही, गेटबाहेर वडापावच्या गाडीजवळ. कारण मी तिथवर धावलो होतो. सगळ्यात पुढे. नेतृत्व पुढूनच करायचं असतं.

बिहारच्या एका वेल्डरला विचारलं, मराठी कसं समजलं. म्हणाला, समझे नहीं साहब, आपको भागते देखा तो भागे.

गळती सहा मिनिटांत बंद. दोघांचे डोळे धुतले, बाकी सगळे ठीक. घरी येऊन बाथरूममध्ये थोडा रडलो. अमोनियाचा परिणाम.

१३ मार्च
व्हिडिओ सगळीकडे. दिशा म्हणते, दोन लाख लोकांनी बघितला. कुणीतरी खाली ढोल लावला आहे. बोईसरच्या नाक्यावर पोरं मला बघून 'पला रं!' ओरडतात. पिढ्यांमधलं अंतर मिटलं. मी मिटवलं.

माकुणसारला मेव्हण्याला फोन करून मुदतवाढीचं सांगून टाकलं. नवे बूटही घेतले. दोन वर्षं टिकतील असे.

२१ मार्च
साहेबांनी बोलावलं. मोठ्या ऑफिसला माझा आवाज फार आवडला. एक कागद पुढे केला. चष्मा माझ्या टेबलावर राहिला होता. मुदतवाढीचा कागद न वाचता सही करण्याइतका विश्वास माणसावर हवाच. सही केली.

२७ मार्च
कंपनीच्या सेफ्टी ग्रुपवर मेसेज येणं बंद झालं आहे. नेटवर्क नसावं.

३१ मार्च, सोमवार
सकाळी नवे बूट घालून गेलो. हॉलमध्ये शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. तेव्हा समजलं. सही केलेला कागद माझं रेकॉर्डिंग वापरायच्या परवानगीचा होता. माझा आवाज आता कंपनीची अधिकृत सूचना, तिन्ही प्लांटमध्ये. मोठ्या ऑफिसने त्याला दोन वर्षं दिली. पुढे वाढवता येतील, असं साहेब म्हणाले.

निरोपाचं भाषण उभ्या उभ्या रचलं. अँटेनाचा किस्सा सांगितला आणि तीन सेकंद थांबलो.

तेवढ्यात सायरन. मागोमाग भिंतीवरच्या स्पीकरमधून मीच ओरडलो, आरं पला! हेमालीने चाचणी ठेवली होती. ग्रुपवर कळवलं होतं म्हणे. सगळा हॉल उठला आणि गेला. साहेबसुद्धा.

मी नारळ घेऊन उभा होतो. वाटलं, मोजणीत एक कमी भरेल, कुणीतरी परत येईल. बराच वेळ थांबलो. मग स्वतःच बाहेर गेलो. हेमाली आनंदात होती. एक मिनिट पन्नास सेकंद, रेकॉर्ड आहे सर, म्हणाली, आणि मोजणीही बरोबर भरली. तिने यादी दाखवली. नव्या यादीत २११ माणसं आहेत.