एका शेडनं पिवळा

बाबा, आज मी दात साफ करून आले. फक्त साफ. ठरलं होतं ते वेगळंच होतं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. आई जेवून आडवी झाली आहे, तेवढ्यात लिहायला बसले. हिरड्या जरा हुळहुळताहेत. दोन दिवस फार गरम आणि फार तिखट नको असं सांगितलंय, त्यामुळे शेजारी कोमट चहा ठेवलाय, ज्याला तुम्ही चहा म्हणाला नसतात. तुम्ही असतात तर आधी मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली असती आणि मग म्हणाला असतात, आता लिही काय लिहायचंय ते. भरली आहे.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या खालीच एका मुलीनं दातांचा दवाखाना थाटला आहे. चांगली डॉक्टर आहे, पण माझ्या लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, म्हणून तोंडात मुलगी असंच येतं. पुढच्या महिन्यात तुमच्या नातीचं लग्न आहे. हल्ली फोटोवाले लग्नाच्या आधीच घरच्यांना बागेत नेतात आणि हसायला लावतात. लेक म्हणाली, "आई, तू एकाही फोटोत नीट हसलेली नाहीस. एकदाचा करून टाक ना तो दात." तो दात म्हणजे पुढचा, डावीकडचा, शेजारच्यावर अर्धा चढून बसलेला. मी चोपन्न वर्षांची आहे आणि माझ्या प्रत्येक फोटोत ओठ मिटलेले आहेत. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत तर मी कुणावर तरी रुसल्यासारखी दिसते. लेकीचं म्हणणं मला पटलं, खोटं कशाला सांगू.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्या मुलीनं दिवा जवळ ओढून बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाली, "दातावर दात असतो ना मॅडम, तिथे हमखास कीड सापडते. तुमच्याकडे काहीच नाही. एक्स-रेमध्ये हाडसुद्धा मस्त आहे. काय वापरता तुम्ही?" मी म्हटलं, "दोरा." ती म्हणाली, "फ्लॉस?" मी म्हटलं, "तोच. आमच्याकडे दोरा म्हणतात." ती हसली आणि आपल्या मदतनिसाला बोलावून माझा दात दाखवला. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. आणि लगेच तिनं सांगितलं की हे दोन्ही दात जरा घासून वरून कॅपा बसवल्या की रांग सरळ होईल, अगदी नॅचरल दिसेल. गुरुवार ठरवला. मी हो म्हटलं, बाबा. फार विचारसुद्धा केला नाही.

घरी येताना मला बुधवार पेठेतली तुमची खोली आठवत होती. खाली रेडिओचे सुटे भाग विकणारं दुकान, बाजूनं चिंचोळा जिना, आणि वर तुम्ही. शाळा सुटली की मी तिकडेच येते. खोलीत ॲक्रिलिकचा नाकात जाणारा वास आहे, खिडकीशी स्पिरिटचा दिवा आहे, आणि फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेत. शहरातले डॉक्टर रोग्यांची मापं पाठवतात आणि तुम्ही त्यावरून कवळ्या आणि कॅपा करता. माप नुसतं हातात धरून तुम्ही मला सांगता, "ह्या बाई उजवीकडूनच चावतात," किंवा "हा गृहस्थ झोपेत दात खातो, बायकोला विचार." मला खेळायला तुम्ही शेडची जुनी पट्टी देता. तिच्यावर फिक्या पांढऱ्यापासून करड्या-पिवळ्यापर्यंत नमुन्याचे दात लावलेत आणि प्रत्येकाखाली आकडा आहे. मी त्यांची शाळा भरवते. पिवळे दात मागच्या बाकावर बसवते. तुम्ही एकदा ते बघितलंत आणि म्हणालात, "मागे कशाला? पांढराशुभ्र दात माणसाच्या तोंडात नसतो, तो फक्त जाहिरातीत असतो." आणि पुन्हा मेण तापवायला लागलात.

घरात मात्र तुमचा एकच हट्ट होता. आपल्या धंद्याचं गिऱ्हाईक आपल्याच घरात तयार होता कामा नये. जेवण झालं की तुम्ही मोरीच्या दारात उभे राहायचात. मी आडवा ब्रश चालवला की तुमचा आवाज यायचा, "ब्रश आहे तो, करवत नाही." गोल फिरवायचा, हिरडीपासून दाताकडे यायचं, आतली बाजू विसरायची नाही, जीभ घासायची. सहा महिन्यांनी एकदा, काही दुखत असो वा नसो, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन खुर्चीत बसायचं. मैत्रिणी दात दुखल्यावर जायच्या, मी दुखू नये म्हणून जायचे. त्याची तेव्हा मला लाजच वाटायची.

आता त्या दिवसाचं. तुम्ही विसरला नसणारच. मी वीस वर्षांची होते. मला बघायला आलेल्या मंडळींतल्या बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मुलगी गोड आहे हो. दाताचं मात्र बघून घ्या. आणि तुमचं काय, घरचंच आहे." तुम्ही शांतपणे म्हणालात, "घरचंच आहे म्हणून तर तसाच ठेवलाय. आपण अजून थोडे पोहे घ्या." ते लोक गेले ते गेलेच. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती, तुम्ही पाटावर बसून चहा पीत होतात, आणि मी तुमच्यापुढे उभी राहिले. कॅप बसवून द्या म्हटलं. तुम्ही म्हणालात, "चांगल्या दाताला कानस लावायची नाही." मी पुन्हा म्हटलं. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. मग मी बोलले ते मला आजही शब्दाशब्दानं आठवतं: "आईला बरे करून दिलेत. तिचे पुढचे चारही दात बघा, कसे मोत्यासारखे दिसतात. सगळ्या गावासाठी दात आहेत तुमच्याकडे, माझ्यापुरतेच नाहीत."

तुम्ही कप खाली ठेवलात. अर्धा चहा तसाच होता. उठून गॅलरीत गेलात आणि जेवायलासुद्धा आला नाहीत. आईनं तव्यावरची भाकरी करपू दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर इतक्या कडक आवाजात बोलली: "गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस." मला वाटलं, तुम्हाला राग आला. तुमच्या तत्त्वाला मी धक्का लावला म्हणून राग. तेहेतीस-चौतीस वर्षं मी तेच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक कंपासपेटीएवढी पुडी दिलीत. आत दांड्याचा छोटा गोल आरसा होता आणि शिवणकामाचा दोरा गुंडाळलेलं रीळ. तो दोरा तुम्ही कामाच्या गुलाबी मेणातून ओढून काढला होता, म्हणजे दातांत अडकून तुटू नये. मला खिडकीशी उभं करून तुम्ही दाखवलंत, चढलेल्या दाताच्या मागे तो कसा घालायचा, दोन्ही अंगांनी कसा वर ओढायचा, हिरडीत कसा घुसवायचा नाही. म्हणालात, "वाकड्या दाताला वेळ जास्त लागतो. तेवढा द्यायचा." मागितली होती कॅप आणि मिळाला दोरा. आठ दिवस मी त्या पुडीकडे बघितलं नाही. मग एकदा मेथीचं पान अडकलं म्हणून वापरला, आणि तेव्हापासून आजतागायत चुकला नाही. हल्ली मेडिकलमध्ये तयार मिळतो, पुदिन्याच्या वासाचा. लग्न पुढं जमलं, तेही मी तोंड मिटून बसले होते म्हणून. ह्यांना दात दिसला तो थेट महाबळेश्वरला. म्हणाले, "अरे वा." तेवढंच.

आता आईचं सांगते. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही तिला जी पूर्ण कवळी करून दिलीत, तीच ती अजून घालते. खालच्या डॉक्टर मुलीनं बघून सांगितलं की आजी, ही झिजली आहे, नवी करू. आई म्हणाली, "मीही झिजले आहे. आमचं जमतं." दोन वर्षांपासून तिचा हात थरथरतो, म्हणून रोज जेवणानंतर कवळी मी धुते. खाली पाण्याचं घंगाळं ठेवते, म्हणजे हातातून सटकली तरी फुटत नाही. ही तुमचीच शिकवण. मऊ ब्रश, साबणाचं पाणी, मग रात्रभर डबीत पाण्यात. त्यात पुढचा एक दात पिवळा आहे. बाकी सगळे एका रंगाचे आणि तो एक वेगळा. मला वाटायचं चहाचा डाग. दर रविवारी मी खायचा सोडा घेऊन तेवढाच दात चोळायचे. दोन वर्षं चोळला. तसूभर फरक नाही.

परवाच्या रविवारी मी तशीच घासत होते. गुरुवारचं ठरलंय हे आईला सांगितलं होतं. ती मोरीच्या दारात येऊन उभी राहिली, तुम्ही उभे राहायचात तिथेच. बिनकवळीच्या तोंडानं म्हणाली, "तो डाग नाही गं. ह्यांनी मुद्दाम तसा केलाय."

मग सांगितलं. लग्नाच्या वेळी तिचा पुढचा एक दात पिवळा होता. लहानपणी शाळेच्या पायरीवर पडली होती तेव्हापासूनचा. दुखत नव्हता, हलत नव्हता. तुम्ही तेव्हा नुकते काम शिकून बाहेर पडला होतात. तुम्हाला बायकोला काहीतरी आपल्या हातचं द्यायचं होतं, आणि दुसरं येत काय होतं तुम्हाला? ओळखीच्या डॉक्टरांकडून तो दात घासून घेतलात आणि स्वतः कॅप केलीत. आळीतल्या बायका ती बघायला यायच्या. तीन वर्षांत आतून पू झाला, दात काढावा लागला. त्या जागी दात बसवायला शेजारचे दोन घासले. मग त्यातला एक गेला, तेव्हा पुढचा घासला. आई म्हणाली, "एका चांगल्या दातापायी चार गेले. पण मी कधी बोलले नाही हो त्यांना. तेच स्वतःला बोलायचे." आणि सगळेच गेल्यावर, पूर्ण कवळी करताना, तुम्ही अठ्ठावीस दातांतला एक दात शेडच्या पट्टीवरून पिवळा निवडलात आणि त्याच जागी लावलात. तिला आरसा दिलात आणि म्हणालात, "घे. तुझा होता तो परत." आई म्हणाली, त्यावर ती हसली आणि तुम्ही रडलात.

मी हातात कवळी धरून तशीच उभी होते. नळ चालू होता. मला तो अर्धा चहा दिसत होता. तुमच्या तोंडावर मोत्यासारखे म्हणून मी ज्यांचं कौतुक केलं, ते तुमच्या लेखी काय होते हे मला माहीतच नव्हतं. नेमकं तिथेच बोट ठेवलं मी. बाबा, मला माफ करा. हे एवढं म्हणायलाच हे पत्र आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. आईला विचारलं, मग दोन वर्षं मला सोड्यानं का घासू दिलंस? ती म्हणाली, "इतकी मन लावून घासत होतीस. म्हटलं, असू दे."

तरीही मी आज गेले. हे ऐकून तुम्ही भुवया उंचावल्या असतील. वेळ घेतली होती, लेकीला शब्द दिला होता, आणि शिवाय, अजूनही मला तो दात सरळ हवा होता. त्या मुलीला मी म्हटलं, घासायच्या आधी कसं दिसेल ते कळेल का? ती म्हणाली, "ट्रायल करू ना. काहीच कापायचं नाही, वरून नुसतं मटेरियल लावते, नंतर काढून टाकता येतं." तिनं दहा मिनिटं खटपट केली आणि हातात आरसा दिला. सरळ दात. रांगेत. मी हसले, आणि ओठ मिटायचे राहून गेले. ती म्हणाली, "थांबा, फोटो काढते तुमच्याच फोनवर." काढला.

मी तशीच खुर्चीत बसून राहिले. जीभ सारखी त्या जागी जात होती, जिथे दोरा घालताना वळण लागतं. तिथे वळण नव्हतं. मी तिला म्हटलं, "काढून टाका. आणि आलेच आहे तर साफ करून द्या." तिला वाटलं, आवडलं नाही. मी म्हटलं, "तसं नाही. वडिलांचा निरोप आहे." तिनं साफ केलं, पॉलिश केलं, आणि त्या दाताच्या मागची बाजू करताना म्हणाली, "इथे तर माझ्यासाठी कामच ठेवलं नाहीत." तुम्ही ऐकायला हवं होतंत.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. बागेतल्या फोटोत ओठ उघडून हसायचं असं ठरवलंय, माझ्याच दातानं. जमेल की नाही, खरंच माहीत नाही. चौतीस वर्षांची सवय आहे. हे पत्र तुमच्या आरशाच्या पुडीत ठेवीन, आता त्यात रीळ नाही, जागा आहे.

आणि एक राहिलं. तो फोटो. तोंड उघडून हसतानाचा माझा तो आयुष्यातला पहिला फोटो आहे, आणि त्यात मी छान दिसते, बाबा. घरी आल्यापासून तीनदा बघितला. काढून टाकलेला नाही.