चवळी न खाणारा दियारा

सेगू, नदीकाठ
गुरुवार, उन्हं कलताना

माझा प्रिय गुलाम बुरामा त्राओरे यास,

तुझा मालक मोलोबाली दियारा याचा सलाम. रात्र शांततेत गेली ना? घरची मंडळी शांत? वहिनींचा गुडघा शांत? (तो कधीच शांत नसतो, पण विचारणं माझं कर्तव्य.) नातवंडं, शेजारी, शेजाऱ्यांचा मेंढा, सगळे शांत? आम्हीही सुखरूप आहोत. म्हणजे आता आहोत, मध्यंतरी नव्हतो. तू डाकारला गेलास आणि तिथल्या लोकांनी तुझं त्राओरेचं दियोप करून टाकलं. मी आलो असतो तर माझं दियाराचं न्दियाय झालं असतं. आणि तरी आपण त्राओरे-दियारा जसे पिढ्यानपिढ्या एकमेकांना गुलाम आणि चवळीखाऊ म्हणतो आणि कुणी रागवत नाही, तसंच तिथेही दियोपांनी न्दियायांना म्हणायचं ते म्हणायचंच! सरहद्दीवर माणसाची भाषा बदलते, आडनाव बदलतं, थट्टा मात्र पारपत्राशिवाय पलीकडे जाते. या गोष्टीचं मला हल्ली असं नवल वाटतं की मी नदीकडे बघत बसतो आणि चहा उकळून भांडं करपतं.

तर झालं असं. आपल्या जुन्या शाळेत बक्षीस समारंभ होता आणि मला, माजी गुरुजी म्हणून, दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. तुला माहीतच आहे, मी दोन शब्द बोलत नाही, कविता म्हणतो. नवी रचली होती: ‘मी कुणाच्या नदीचा थेंब नव्हे, मीच माझा पाऊस.’ (पुढे वीस कडवी आहेत, वेगळी पाठवीन.) डोळे मिटून म्हणत होतो. सेवानिवृत्त झाल्यापासून मला वाटू लागलं होतं, की कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाचे गुरुजी ही सगळी सालं सोलली की आत जो दाणा उरतो तो खरा मी. दाणा दिसायला लागला होता रे! तेवढ्यात मागून आवाज आला, “ए चवळ्या, बस आता खाली! पोटात चवळी फुगली की दियारांना कविता होते!” आवाज आपल्या वर्गातल्या न्येले त्राओरेचा. म्हातारी झाली, पण त्या आवाजाने अजूनही घंटेशिवाय शाळा सुटेल. सभा खदखदून हसली. आता अशा वेळी रीतीने मी म्हणायचं, “गप गं गुलामाच्या पोरी, मालक बोलतोय,” आणि पुढे जायचं. शेंबड्या पोराला कळतं. पण मी कवितेच्या तंद्रीत, गंभीरपणे म्हणालो, “बाई, मी दियारा वगैरे कुणी नाही. मी फक्त मी आहे.”

बुरामा, थट्टा परत केली तर खेळ, नाकारली तर काय, हे मला तेव्हा कळलं. दाराशी बांधलेली शेळीसुद्धा चघळायची थांबली. पहिल्या रांगेत माझा धाकटा भाऊ झुमाना बसला होता. तो उठला, चपला शोधल्या आणि निघून गेला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माझ्या मुलीच्या, असितानच्या मागणीची कोला फळं आली! आता मुलीच्या बापाने ती घ्यायची नसतात, काकाने घ्यायची असतात. फळं ओल्या पानांत गुंडाळून झुमानाकडे गेली आणि तशीच परत आली. निरोप होता, “दादा दियारा नाही म्हणतो. मग त्याच्या मुलीचा मी कोण?” मुलाकडचे भले लोक, त्यांनी पानं बदलून फळं पुन्हा पाठवली. पुन्हा परत. फळं सुरकुतायला लागली. असितान माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही फक्त तुम्ही असाल. पण मी कोणाची ते तरी ठरवा, मुलाकडचे विचारताहेत.”

शेवटी मीच नदीपलीकडे झुमानाकडे निघालो. नावाडी त्राओरे. एरवी तो काठ सोडायच्या आत माझ्या सात पिढ्यांना चवळी खाऊ घालतो. या वेळी एक शब्द नाही. मीच विचारलं, काय रे, बरं नाही का? तर म्हणाला, “ज्याला कूळ नाही त्याला शिवी तरी काय देणार, गुरुजी? बसा.” मौनात नदी फार रुंद होते, बुरामा. पलीकडे झुमाना अंगणात बसला होता. मला बघून बायकोला म्हणाला, “अगं, कुणी वाटसरू आलाय. पाणी दे.” माझ्याच भावाने मला पाणी दिलं, तेही अगदी आदबीने! मी ते प्यायलो आणि परत यायला वळलो.

वळतो तर दारात न्येले आडवी! उंबऱ्यावर अंग पसरून, डोक्याखाली हात घेऊन. “माझे दोन गुलाम भांडतात आणि मालकिणीला विचारत नाहीत? दोघांनी एका परातीत चवळी खाल्ल्याशिवाय मी उठायची नाही. मेले तर इथेच पुरा, म्हणजे रोज ओलांडाल.” मी जिचा अपमान केला, तीच आली होती. आणि त्राओरेच्या शब्दाला दियाराने नाही म्हणायची सोय आमच्याकडे नाही. झुमानाची मान खाली, पण मिशी हलत होती. चवळी तिने शिजवूनच आणली होती. परात मध्ये आली, बघायला सगळे शेजारीपाजारी जमले. मी काकुळतीने म्हणालो, न्येले, बाकी काहीही कर, पण मला लहानपणापासून चवळी आवडत नाही. हे तरी माझं स्वतःचं राहू दे!

सगळं अंगण हसून कोसळलं. झुमाना मांडीवर थापा मारत लोळला. “दादा, बाबा हेच म्हणायचे! आजोबा हेच म्हणायचे! दियारांच्या घरात यापेक्षा जुनं वाक्य नाही!” बघ, दाणा म्हणून मी जे जपलं होतं, ते सगळ्यांत वरचं साल निघालं.

मान खाली घालून मी घास घेतला, आणि थबकलो. परातीत माझ्या बाजूला, चवळीच्या पातळ थराखाली, तळलेल्या मासळीचे तुकडे होते. फक्त माझ्या बाजूला. मी वर पाहिलं. न्येले माझ्याकडे बघतच नव्हती, गर्दीला ओरडून सांगत होती, “बघा, बघा, चवळ्या कसा हावरटासारखा खातोय!” बुरामा, मी काय सांगू? सगळ्या गावासमोर मला ‘सगळ्या दियारांसारखाच’ म्हणून ओरडणाऱ्या त्या बाईलाच ठाऊक होतं की मी कोण. झुमानाने ती सुरकुतलेली फळं मागवली, एक फोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

वहिनींना सलाम. मेंढ्यालाही.

तुझा मालक,
मोलोबाली दियारा

ता. क. मासळीचं कुणाला बोलू नकोस. आणि दुसऱ्या दिवशी मी बायकोला चवळी शिजवायला सांगितली, हे तर मुळीच नको.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. झुमानाची एक अट आहे. असितानच्या लग्नात माझी कविता व्हायलाच हवी, पण ती एखाद्या त्राओरेने, माझा चष्मा लावून, माझी नक्कल करत म्हणायची. न्येलेने तालीम सुरू केली आहे. काल ती अंगणात म्हणत होती आणि मी आत बसून म्हणालो, “वा!” बायको चुलीपासून उठून आली, माझ्याकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं आणि परत जाऊन बसली. इतकं हुबेहूब. पण न्येलेला जमतो तो म्हातारा मोलोबाली. फळ्याकडे पाठ करून खिडकीतून नदी बघणारा, तुझ्या बाकावरचा मुलगा तिला येत नाही, आणि मलाही तो आता नीटसा आठवत नाही. तो फक्त तुला येतो. तेव्हा ये, आणि एकदा मला दाखव.