ज्योत्स्नाची सकाळची गोळी

३ डिसेंबर

पारोळ्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी आज शोध लावला — ज्योत्स्नाची रक्त पातळ करायची गोळी बंद! सात वर्षं रोज नाश्त्यानंतर मी स्वतः तिच्या हातावर ठेवतोय. 'काका, तेव्हा तसंच वाटत होतं. पुढे हजारो लोकांवर तपासून पाहिलं. काकूंना हार्ट अटॅक कधी आलेला नाही, वय सत्तरीचं. फायदा थोडा, पोटात रक्तस्राव व्हायची भीती जास्त.' वा! काल अमृत, आज विष. उद्या म्हणतील, श्वासही एक दिवसाआड घ्या.

ज्योत्स्ना मान डोलवत ऐकत होती. सातवी पास, तिला काय कळतंय! गोळी चालू राहील. मी कृषी सहाय्यक होतो, अडाणी नाही.

९ डिसेंबर

गोळी दिली. ठणठणीत आहे.

१४ डिसेंबर

बसस्टँडवर माझ्या नोकरीच्या काळातला शेतकरी छगनभाऊ भेटला. अजून तोच टोमणा — 'भाऊसाहेब, पहिले सांगं फरदड ठेवा, मंग सांगं उपटा!' वेचणी संपल्यावर कपाशी उभी ठेवा, आणखी बोंडं मिळतील, हे मीच सांगायचो. पुढे दिसलं की त्यावर गुलाबी अळी पोसली जाते, म्हणून उपटा म्हणालो. यात न कळण्यासारखं काय आहे? माहिती वाढली, सल्ला बदलला! त्याने ऐकलं नाही, बोंडं किडली. काही लोकांना विज्ञान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ वाटते.

२० डिसेंबर

ज्योत्स्नाला थकवा. संडासला काळं होतंय म्हणते. होणारच! आठवडाभर कळण्याची भाकरी चालू आहे, त्यात काळे उडीद सालासकट. आता यासाठीही डॉक्टरीणबाईंकडे जायचं का?

२३ डिसेंबर

धुळे. सकाळी मोरीत पडली. पोटात रक्तस्राव. दोन बाटल्या रक्त चढवलं. कळण्याची भाकरी म्हणे! शाब्बास, भाऊसाहेब!

इथल्या डॉक्टरांनी पारोळ्याची चिठ्ठी वाचून विचारलं, गोळी बंद केली होती ना? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, 'मीच घेत होते. यांना माहीत नाही.'

आणि मी गप्प बसलो. लाज वाटते.

३० डिसेंबर

घरी आणलं. समोर बसून सगळं समजावलं — गोळी का दिली होती, का बंद केली. फरदडीचा दाखलाही दिला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

'माले तवयच समजनं व्हतं,' म्हणाली. 'तुमले राग येस, म्हनीसन गोयी लिधी.'