मंगलाष्टकं झाली नाहीत

नेरूळ,
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. पद्धत आहे म्हणून साष्टांग लिहिलं. गुडघ्यांमुळे सध्या आठांपैकी सहाच अंगं वाकतात, उरलेली दोन तू समजून घे.

आम्ही इकडे बरे आहोत. 'आम्ही' म्हणजे कोण, हा प्रश्न तुला पडेल. पुढे येईल ते. आधी खुशाली. सारसोळ्याची मासळीवाली अजून जिन्याखालून हाक मारते आणि मी शाकाहारी आहे हे तिला अजून पटलेलं नाही. सोसायटीत लिफ्टचं काम चाललं आहे. शाळेतून निवृत्त व्हायला मला अजून अवकाश आहे, पण संस्कृत घेणाऱ्या मुलांना तो नसावा. यंदा वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी.

जवळ राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. फोनवर तू मधे बोलतोस. शिवाय कुटुंबाच्या ग्रुपमधून तू मला काढलंस आणि भाऊबीजेला आला नाहीस. ओवाळणी राहिली त्याचं काही नाही, करंज्या मात्र मला एकटीला संपवाव्या लागल्या.

तुझा राग कशावरून, ते ठाऊक आहे. माणसाला 'बदलून देतो' म्हणून पैसे घेणाऱ्या केंद्रांवर बंदी यावी, असा कायद्याचा मसुदा काही मंडळींनी केला आहे आणि तो आमदारांपर्यंत न्यायचा त्यांचा विचार आहे. त्याच्या विरोधात निवेदन फिरवताना तू मला लिहिलंस, 'तू संस्कृतची, शास्त्रात काय म्हटलंय ते घाल आणि सही कर.' दादा, दहावीला संस्कृत सोडून तांत्रिक विषय घेतलास तेव्हा 'शास्त्र पोट भरत नाही' असं तूच म्हणाला होतास. आता एकदम ते घरचं झालं! मी शोधलं, खोटं कशाला सांगू. शास्त्रात मला जे सापडलं ते तुला आवडणार नाही, आणि तुला जे हवंय ते शास्त्रात नाही, त्या केंद्राच्या जाहिरातीत आहे. म्हणून सही केली नाही.

आणि आईबापांचे हक्क जातील ही तुझी भीती. मसुदा मी दोनदा वाचला. त्यात एवढंच आहे की कुणाचा लैंगिक कल बदलून देतो असं सांगून धंदा करायचा नाही. डॉक्टरांना त्यांच्या परिषदेनं हे करायला आधीच मनाई केली आहे. म्हणून तर द्रोणागिरीच्या त्या केंद्रात, गोदामाच्या वरच्या मजल्यावर, डॉक्टर नाहीत, 'मार्गदर्शक' आहेत. पाटीवर 'व्यक्तिमत्त्व विकास' लिहिलंय. खाली कंटेनर रिकामे होतात, वर मुलं.

असो. मुख्य विषयाकडे येते.

दिवाळीनंतर नंदिनीचा फोन आला होता. तू ग्रुपमधून काढलंस तरी वहिनीनं मला काढलेलं नाही. म्हणाली, "वैदेहीताई, घरातल्या सगळ्यांची मंगलाष्टकं तुम्हीच केलीत. ऋषीची दुसऱ्या कुणी करायची का? रागबीग नंतर." मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "लग्नघाई सुरू आहे आणि हा मुलगा आमचा फोन उचलत नाही. ऐरोलीहून नुसता मेसेजवर अंगठा पाठवतो. तुमचं ऐकतो, जरा सांगा ना." मी त्यालाही हो म्हटलं.

माझी पद्धत तुला माहीत आहे. नवऱ्यामुलीला भेटल्याशिवाय मी ओळ लिहीत नाही. नावाच्या जागी नाव घातलं की झालं, असली मंगलाष्टकं कार्यालयात तयार मिळतात. तुझ्या लग्नात नंदिनीच्या चिंच खाण्याची ओळ घातली होती, त्यावर तिची मावशी पंगतीत बसायला तयार नव्हती, आठवतं? तर त्या पद्धतीप्रमाणे मी वाशीला सुचिताकडे गेले.

गोड मुलगी आहे. लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. मला म्हणाली, "आत्या, माझं एकच लिहा, मला सकाळी लवकर उठता येत नाही. आधीच सांगितलेलं बरं." हसली. मग हळूच विचारलं, "ते कमी बोलतात ना? मला सांगितलंय, लॉजिस्टिक्सच्या ट्रेनिंगला होते, तिथे टायफॉइड झाला, म्हणून अजून थकतात." आणि पुढे, "पण मोकळे आहेत हां. फोन कधी कानाला लावत नाहीत. स्पीकरवर टाकून लांब टेबलावर ठेवतात. घरातल्यांपासून काही लपवायचं नाही म्हणून असेल."

मी चहा प्यायले. तिच्या आवडीनिवडी विचारल्या. आले.

शार्दूलविक्रीडितात बसले लिहायला. गणपती झाला, कुलदैवत झालं, आणि वधूपाशी हात थांबला. हा हात कधी थांबत नाही. एकदा तर नवरदेव घोड्यावर बसल्यावर शेवटचं कडवं पुरं केलं आहे. शेवटी मी ऋषीला बोलावलं. सुट्टी घेऊन आला. खूप बारीक झालाय, हे तू पाहिलं असशीलच. तुझी नजर मापात चांगली आहे. मी त्याला सल्ला दिला नाही, दादा. एवढंच विचारलं, "सुचिताबद्दल मला कळलं. आता तुझ्याबद्दल तिला काय लिहू?"

त्यानं माझ्या कुंडीतली वाळकी पानं खुडली. मग म्हणाला, "आत्या, खरं लिहिलंस तर वृत्तात बसेल का?"

"एका ओळीत एकोणीस अक्षरं असतात," मी म्हटलं. "खऱ्याला इतकी लागत नाहीत."

त्यानं तिला स्वतःच सांगितलं. माझ्याच घरी, शुक्रवारी. मी स्वयंपाकघरात होते, दार लावून. तरी शेवटचं ऐकू आलंच, कारण ते तिनं मोठ्यानं म्हटलं. "किती जण मिळून मला फसवत होतात? आणि ह्या तुमच्या आत्या! माझ्या आवडीनिवडी लिहून घेऊन गेल्या!" बरोबर बोलली. मी बाहेर आले, तर जाता जाता ती दारातून परत वळली आणि ऋषीला म्हणाली, "तुम्हाला कधी काही झालंच नव्हतं. आजारी मला पाडणार होतात सगळे." मग चपला हातात घेऊनच जिना उतरली.

तेव्हा दादा, लग्न मोडलं आहे. उद्या संध्याकाळी तिचे वडील तुमच्याकडे उलव्याला येतील. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. तुमच्या गेटवर वॉचमनकडे देऊन जाईन. वर येणार नाही. त्यांना चहा दे. ते ओरडतील, ओरडू दे. मुलीचे वडील आहेत, त्यांना लाजेपेक्षा राग आलेला बरा.

पत्रिका मात्र वाटून झाल्यात. पहिली गणपतीपुढे ठेवलीस, दुसरी त्या मार्गदर्शकाला नेऊन दिलीस, असं नंदिनीकडून कळलं. त्यांच्या भिंतीवर म्हणे बऱ्या झालेल्यांच्या लग्नाचे फोटो लावतात, आणि ऋषीसाठी जागा ठेवली आहे. त्यांना कळव, दुसरा फोटो लावा. फी त्यांनी परत करायची गरज नाही. जे घेतलं ते परत करण्यासारखं नाही.

आता जे टाळत आले ते.

काल वाशीला त्या मसुद्यासाठी सभा होती. अनुभव असलेल्यांनी येऊन बोलावं, असं त्यांनी कळवलं होतं. ऋषी गेला. मी सोबत गेले, मागे बसले. एका वकीलबाईंनी त्याला विचारलं, "तुला तिथे कुणी नेलं?" त्यानं समोरचा माइक सरळ केला. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाला, "गाडी आमचीच होती."

एवढंच. तुझं नाव घेतलं नाही त्यानं. तू ज्याच्या विरोधात सह्या गोळा करतो आहेस, त्या कायद्यापासूनही तो तुलाच वाचवत होता.

मग बाईंनी विचारलं, सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला. मला वाटलं, त्या तारांचं सांगेल. त्यांनी बोटांना तारा लावून तरुण मुलांचे फोटो दाखवले आणि झटके दिले, हे मला त्यानं आधीच सांगितलं होतं. पण तो म्हणाला, "हेडफोन."

दादा, केंद्रानं तुमच्याकडून आवाज भरून मागितले होते ना? 'प्रोत्साहनपर संदेश' म्हणून. नंदिनीनं कौतुकानं सांगितलं होतं, की तू दोनदा भरलास, कारण पहिल्यांदा बाहेर हॉर्न वाजला. "ऋषी, बाळा, आमच्यासाठी नीट हो." तो संदेश त्यांनी झटक्याबरोबर लावला. प्रत्येक झटक्याबरोबर. आधी आईचा, मग तुझा.

तुला हे माहीत नव्हतं. मी जाणते. तू आणि नंदिनीनं प्रेमानंच म्हटलं असेल. ते त्या आवाजात आहे, म्हणूनच ते त्यांच्या उपयोगाचं होतं.

तो रागावून फोन टाळतो, असं तुम्हाला वाटतं. राग असता तर मी भांडून उतरवला असता. परवा इथे माझ्या फोनवर नंदिनीचा आवाज आला, "ताई, ऋषी आहे का तिथे?", तर त्याची बोटं आपोआप मिटली. मूठ नाही वळली, बोटं मिटली. मी फोन बंद केला आणि आम्ही दोघांनी मटार सोलले.

'आम्ही' म्हणजे कोण, ते आता कळलं असेल. काही दिवस तो इथेच राहील.

मंगलाष्टकं झाली नाहीत. गणपतीचं कडवं झालं आहे, ते माझ्याकडे राहू दे.

बारशाला त्याच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून तुम्ही मला पुढे केलंत. मी पुटपुटले, तो दचकला, तुम्ही सगळे हसलात. तोच कान आहे, दादा. त्यात सध्या तुम्हा दोघांना जागा नाही. ती पुन्हा होईल का, मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचं ढोंग करायला मी मार्गदर्शक नाही.

तेव्हा फोन करू नका. येऊ नका. त्याला लिहा. दोन ओळी चालतील, शुद्धलेखनाच्या चुका चालतील. नीट हो, हे शब्द सोडून काहीही लिहा. तुझं अक्षर वाईट आहे, पण ते त्यानं तिथे ऐकलेलं नाही.

तुझ्या मुलाच्या कानात सगळ्यांत आधी बोललेली,
वैदेही